जुन्या पॉवर सप्लायची वायर

७ जून, शनिवार

ब्रॉन्टीचा फोन. महिनाअखेरीस दोन दिवस येतेय! होबार्टला गेल्याला चार वर्षं झाली. दर वेळी आईकडे उतरते. या वेळी माझ्याकडे. म्हणाली, "बाबा, आपलं गाव उघडू या."

आपलं गाव म्हणजे गेममधलं. ती अकराची होती तेव्हा सुरू केलं. आठ वर्षं दोघांनी एकेक ठोकळा रचून उभं केलं — बंदर, दीपगृह, डोंगरात शेजारी शेजारी आमची दोघांची घरं. सगळं जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर आहे, आणि तो पाच मिनिटांत तापून बंद पडतो. नवा जुळवायला हवा. डिस्क तेवढी जुनीच राहील.

८ जून

ब्रॉन्टीने यादी पाठवली. कुठल्या बोर्डला कुठला प्रोसेसर, कुठली रॅम, सगळं व्यवस्थित. म्हटलं, पोरीला बापाची काळजी आहे. मग खाली वाचलं — 'मरेने काढून दिलीय.'

मरे! ग्लेनिस मला सोडून ज्याच्याकडे गेली तो. डेव्हनपोर्टला कॉम्प्युटरचं दुकान आहे त्याचं. बायको नेली ती नेली, आता माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात काय बसतं तेही हाच सांगणार. यादी पुसून टाकली. तीस वर्षं पेपर मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होतो मी.

१४ जून

जूनचे सेल लागलेत. प्रोसेसर आला. मदरबोर्डवर बसेना. कंपनी एकच, पण हा नव्या पिढीचा, तो जुन्या, बैठकच वेगळी. बोर्ड बदलून आणला तर रॅम बसेना. तीही बदलली. एकाची मर्जी राखावी तर दुसरं रुसतं. यापेक्षा ग्लेनिस परवडली.

यादीत हे सगळं बरोबर होतं. माहीत आहे. लिहायची गरज नव्हती, लिहिलं.

१८ जून

ग्राफिक्स कार्ड डब्यापेक्षा दोन बोटं लांब निघालं. मध्ये डिस्क ठेवायचा पिंजरा येत होता. सरळ ग्राइंडर घेतला आणि पिंजरा कापून काढला. कार्ड बसलं. डिस्क आता पार तळाशी ठेवावी लागणार. असेना का.

१९ जून

मरेचा फोन. नंबर ब्रॉन्टीने दिला असणार. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाला, "नोएल, एकच सांगतो. पॉवर सप्लाय नवा घेतलास ना? मग त्याच्याबरोबर आलेल्याच वायरी लाव. जुन्यातली एकही नको."

"मरे, तू टाय बांधायला शिकत होतास तेव्हा मी अकरा हजार व्होल्टवर काम करत होतो."

"ते ठाऊक आहे रे. म्हणूनच सांगतोय."

फोन ठेवला. म्हणूनच म्हणजे काय? नाकाला मिरच्या झोंबल्या त्या संध्याकाळपर्यंत उतरल्या नाहीत.

२१ जून, शनिवार

नव्या पॉवर सप्लायची वायर तळातल्या डिस्कपर्यंत पोचेना. चार बोटं कमी. जुन्याची लांब होती. दोन्ही टोकं चपखल बसली. आमच्या धंद्यात चुकीचा प्लग बसतच नाही — माणसं मरू नयेत म्हणून मुद्दाम तसा बनवतात. बसला म्हणजे बरोबर. तीस वर्षं याच भरवशावर जिवंत आहे.

बटण दाबलं. टक् असा आवाज. मग जळका वास.

२३ जून

डिस्क घेऊन लॉन्सेस्टनला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. डेव्हनपोर्ट अर्ध्या वाटेवर आहे, तिथे थांबलो नाही. काउंटरवरच्या मुलीने डिस्क हुंगली आणि विचारलं, वायर जुन्या सप्लायची होती का. सप्लायकडचं टोक म्हणे सगळ्यांचं सारखं दिसतं, पण आतल्या तारा जी ती कंपनी हव्या तशा जोडते. पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले. मी म्हटलं, हे कुठल्या गाढवाने ठरवलं? ती म्हणाली, इलेक्ट्रिशियन लोकच फसतात यात, बाकीचे भीतीने विचारून घेतात.

डिस्क गेली. आठ वर्षं गेली. मरेने फोन केला नसता तर मी कदाचित दोनदा विचार केला असता. हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे.

२४ जून

ब्रॉन्टीला सांगायचा धीर होत नाही.

२६ जून

सांगितलं. वायर, वास, सगळं. मरेचा फोन आला होता तेही. मला वाटलं, आता रडणार.

मग म्हणाली, "बाबा, माझ्याकडे कॉपी आहे. मी होबार्टला निघाले तेव्हा मरेने काढून दिली होती. पाठवते."

मीच रडलो. पासष्टीला आलेला माणूस, गॅरेजमध्ये, तोंडावर चिंधी धरून. आनंदाने रडलो की गाव मरेने वाचवलं म्हणून, मला सांगता येत नाही.

२७ जून, शुक्रवार

उद्या येतेय. आज नव्या डिस्कवर तिची कॉपी टाकून गाव उघडलं. बंदर आहे, दीपगृह आहे. बंदरापलीकडे अख्खी नवी वस्ती — पूल, रेल्वे, गव्हाची शेतं. तीन घरं. पाट्या वाचल्या: ब्रॉन्टी. आई. मरे.

डोंगरातलं माझं घर तसंच आहे. खाट, पेटी, भिंतीवरची कुऱ्हाड, काही हलवलेलं नाही. भोवती कुंपण घातलंय, दारात फुलं लावलीत. माणूस गेल्यावर ठेवतात तसं.