दुसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह

४ मार्च
आजपासून माझी धाकटी बहीण आमच्या इस्पितळात कामाला. हिच्या कंपनीने नेमकी आमचीच इमारत बांधायची, आणि ती सांभाळायची कशी हे मला शिकवायला नेमकं हिलाच पाठवायचं! देखभाल पहिल्या दिवसापासून मी बघते. आणि मला ही शिकवणार.

टॅबलेटवर सगळ्या इमारतीचं मॉडेल. बोटाने भिंत बाजूला सारली की आतले पाइप, वायरी दिसतात. पंपावर बोट ठेवलं की कधी बसवला, तेल कधी घालायचं, सगळं समोर. इस्पितळाच्या साहेबांनी तोंडात बोटं घातली. मी मागे उभी, हातात किल्ल्यांचा जुडगा.

५ मार्च
जेवताना आई — "शिक गं जरा तिच्याकडून." मी अर्ध्या ताटावरून उठले.

११ मार्च
आधी काही बिघडलं की "मॅडमना विचारा." आता "मॉडेलमध्ये बघा." नर्ससुद्धा धाकटीलाच हाका मारतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

ती म्हणाली, "ताई, साधा नळ हलवलास तरी मला सांग हं. मी मॉडेलमध्ये बदलीन. एकदा ते खोटं पडलं की कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि माझी नोकरी गेलीच समज." गोड हसते. लहानपणी असंच हसून माझी खिडकीजवळची जागा बळकावायची.

१८ मार्च
दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा व्हॉल्व्ह अडचणीत होता, हात पोचायचा नाही. नळवाल्याकडून कॉरिडॉरच्या पलीकडच्या छतात हलवून घेतला. काम चोख झालं.

धाकटीला सांगितलं नाही. विसरले नाही — सांगितलंच नाही.

२६ मार्च
दुसऱ्या मजल्यावर पाइप फुटला. नळवाला रजेवर. बदलीवरच्या माणसाने टॅबलेट बघून छत उघडलं — आत व्हॉल्व्ह नाही. धाकटी पांढरीफटक. "इथेच असायला हवा..." मी मूग गिळून उभी. खरं लिहायचं तर बरं वाटत होतं. पाणी औषधांच्या खोलीकडे निघालं तेव्हा म्हटलं, "पलीकडचं छत उघडा."

सापडला. साहेब सगळ्यांदेखत — "शेवटी आपल्या मॅडमच कामाला आल्या." किती दिवसांनी ऐकलं हे!

मग तिला केबिनमध्ये बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. "नोंद माझ्याकडूनच राहिली, साहेब." घाबरून वाटेल ते कबूल करतेय, मला वाटलं. बाहेर आली ती डोळे पुसत. घरी दोन घास जास्तच जेवले मी.

२८ मार्च
कंपनीने तिला काढलं. आता कोणी "शिक" म्हणत नाही.

३१ मार्च
जाताना टॅबलेट माझ्या हातात ठेवला. "साहेब मॉडेल बंद करायला निघाले होते. म्हटलं, ताईकडे द्या, ती नीट चालवेल. सांभाळ हं." मॉडेल माझं! आता सगळे पुन्हा मलाच विचारणार. तरी जातानासुद्धा मोठेपणा मिरवून गेली.

२ एप्रिल
नळवाला रजेवरून आला. म्हणाला, "पाइप फुटला त्या दिवशी धाकट्या मॅडमचा फोन आला होता. तुम्हीच हलवून घेतलात, सांगितलं मी. म्हणाल्या, साहेबांकडे बोलू नका, मी आता त्यांच्याच केबिनमध्ये चाललेय."