तिला दिसलं होतं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, निवृत्त गणित शिक्षिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. आज सकाळी डॉक्टरांनी मला तपासले. त्यांच्या समाधानासाठी मी सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. पडताळताना तेच अडखळले. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. कारण कलम तीनमध्ये आहे.

कलम एक. माझे राहते घर धाकट्या भावास मिळावे. मात्र पुढच्या खोलीत दर शनिवारी भरणारा मुलांचा वर्ग चालू राहील, या अटीवर. वर्गात इतरांआधी काम संपवून खिडकीबाहेर बघत बसणारी, म्हणून ‘आगाऊ’ ठरलेली ही मुले. माझ्यानंतर त्यांना विज्ञानाचे सर शिकवतील. गेली चार वर्षे ते माझ्या जोडीला येतात. दारातल्या चपलांच्या ढिगाचा माझ्या भावजयीला त्रास होतो, म्हणून माझे लोखंडी कपाट तिला द्यावे. त्यात चपला ठेवाव्यात, माझ्या साड्या नव्हे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक वर्गाच्या पुस्तकांसाठी आणि कोऱ्या कागदासाठी. कागद देताना हात आखडू नये. फळ्यावरचा लाकडी कंपास सरांना. त्याचा एक पाय सैल आहे, खडू दोऱ्याने बांधावा लागतो.

कलम तीन. पूर्वीच्या मृत्युपत्रात हे घर मी माझ्या भाचीच्या नावे केले होते.

माझी थोरली बहीण गेली तेव्हा तिची मुलगी सहा वर्षांची होती. मी तिला घरी आणले. ती घरी मला मावशी म्हणे, शाळेत बाई. ‘भाचीला झुकतं माप देते’ असे कोणी म्हणू नये म्हणून वर्गात मी तिच्याशी इतरांहून कडक वागले.

ती सातवीत असताना सहामाहीचा गणिताचा पेपर मी काढला होता. तिने एकही पायरी न लिहिता सगळी उत्तरे लिहिली. सगळी बरोबर. मुख्याध्यापकांनी मला बोलावले. “बाई, पेपर तुमच्या घरीच होता ना? लोक बोलणार.”

घरी येऊन मी तिला विचारले, “उत्तरं कशी आली?”

“दिसली.”

“दिसली म्हणजे? कुठे दिसली?”

तिला सांगता येईना. ती नुसती हवेत बोट फिरवत राहिली. मला जे ऐकायचे होते तेच मी ऐकले. दुसऱ्या दिवशी तिला वर्गासमोर उभे करून “मी पेपर आधी पाहिला होता” असे म्हणायला लावले. तिने ते म्हटले. मी तिला शून्य दिले.

त्यानंतर शाळा सुटेपर्यंत गणितात तिला दर परीक्षेत बावन्न गुण मिळाले. कधी एक्कावन्न नाहीत, कधी त्रेपन्न नाहीत. मला वाटले, पितळ उघडे पडले. पोर बेताचीच आहे, पण आता प्रामाणिक झाली. दहावीनंतर ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात कटिंगला लागली. मी अडवले नाही.

निवृत्त झाल्यावर कपाट आवरताना तिच्या पेपरांचा गठ्ठा सापडला. चाळता चाळता मी पेन्सिल घेऊन वजाबाक्या करू लागले. तिची चुकलेली उत्तरे घ्या: एकशे चव्वेचाळीसच्या जागी एकशे सदतीस, नव्वदच्या जागी त्र्याऐंशी. प्रत्येक चुकीचे उत्तर बरोबर सातने कमी होते. बरोबर उत्तर ठाऊक असल्याशिवाय असे चुकता येत नाही.

मी कारखान्यात गेले. टेबलावर कापड पसरून ती खडूने आखत होती. मालक कौतुकाने म्हणाले, “हिच्या हाताखाली चिंधी उरत नाही. कापडावर सगळे तुकडे कसे बसवते कोण जाणे.”

मी विचारले, “का गं असं केलंस?”

तिने खडू थांबवला नाही. “मावशी, सगळं बरोबर आलं तेव्हा तू मला सगळ्यांसमोर उभं केलंस. बावन्न आले तेव्हा डोक्यावरून हात फिरवलास. मग मी काय करायला हवं होतं?”

शनिवारचा वर्ग मी त्यानंतर सुरू केला. तिच्यासाठी त्याचा काही उपयोग नव्हता, हे मला कळते.

घर तिच्या नावे केल्याचे समजल्यावर ती गेल्या महिन्यात आली. बसली नाही.

“माझं नाव काढ. घर घेतलं तर मला तुला माफ करावं लागेल.”

“आणि नाही घेतलंस तर?”

“तर नाही करावं लागणार.”

म्हणून नाव काढले आहे.

कलम चार. मुख्याध्यापकांवर माझा राग होता. तो मी येथे सोडून देते. संशय त्यांचा होता, पण शून्य माझ्या हाताने लिहिलेले आहे. शाळेने त्या वर्षीच्या नोंदवहीत ते खोडून शंभर लिहावेत आणि शेजारी कारण लिहावे: शिक्षिकेची चूक.

कलम पाच. तो गठ्ठा सरांनी जपावा. नाव झाकून नव्या शिक्षकांना दाखवावा. एखादे मूल “दिसलं” म्हणाले, तर त्याच्या हातात खडू द्यावा आणि फळ्यापासून बाजूला व्हावे.

हे सर्व मी स्वतः वाचून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

स्थळ: घराची पुढची खोली.
दिनांक: नऊ ऑक्टोबर, शुक्रवार.

साक्षीदार पहिले: डॉक्टर, ज्यांनी मला तपासले.

साक्षीदार दुसरी: माझी भाची, कटिंग कारागीर. वकील म्हणाले होते की ज्याला मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही, त्यानेच साक्षीदार व्हावे. तिला निरोप धाडला, तर कामावरून अर्धा तास काढून आली.

सह्यांनंतर माझ्या हातची नोंद: साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. तरी मी कागद तिच्याकडे सरकवले होते. तिने “कुठे करायची?” एवढेच विचारले, सही केली, आणि गेली.