फळीवरचा काळा घोडा

अंगारा नदीवरचं धरण, मजुरांची वसाहत, बराक सहा
रविवार, २० फेब्रुवारी १९६६

प्रिय उस्तिन्या ताई,

मेझेन नदीकाठच्या आपल्या घराला आणि तुला कमरेत वाकून नमस्कार. मी ठीक आहे. अक्षर पाहून दचकू नकोस, हातपाय शाबूत आहेत. अक्षराचं कारण पुढे येईलच. तू पाठवलेले मोजे पोचले. थंडी उणे पंचेचाळीसवर गेली होती, आता जरा उतरलीय. मी अजून ट्रकच चालवतो, काँक्रीटच्या फेऱ्या.

आज मस्लेनित्साचा, आपल्या उपवासाआधीच्या धिरड्यांच्या सणाचा, शेवटचा दिवस, म्हणून कँटीनमध्ये धिरडी होती. धिरडी कसली, बुटाचे तळवे! आमच्या खोलीतला सावेली म्हणाला, "एक माझ्या टाचेला ठोका, दुसरं खातो." तुझी धिरडी आठवली. कडेला जाळी पडलेली, लोण्यात बुडालेली. तू तव्याजवळ उभी राहून ओरडायचीस, "प्रोशा, उजव्या हातानं खा! सैतानाचा हात खाली ठेव!"

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला कारण काम होतं. नाही, काम नेहमीच असतं. खरं म्हणजे तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही कागद शेगडीत घातले.

तू लिहिलंस, जूनमध्ये नदी बर्फातून मोकळी झाली की अर्खांगेल्स्कहून म्युझियमची माणसं बोटीनं येणार. बाबांची कताईची फळी नेणार, काचेमागे ठेवणार, खाली बाबांचं नाव लिहिणार. आणि शेवटी लिहिलंस, "बाबांना थडगं नाही रे, निदान नावाची पाटी तरी होईल."

तेवढं वाचलं आणि मी बाहेर जाऊन ट्रकचं इंजिन उगाच तपासत बसलो.

ती फळी मला डोळे मिटूनही दिसते. भट्टीशेजारी खिळ्याला टांगलेली. संध्याकाळी तू ती बाकावर ठेवून तिच्या बुंध्यावर, खालच्या आडव्या पाटावर, बसायचीस, वर जवसाच्या तंतूंचा पेळू बांधायचीस, आणि टकळी फिरू लागली की मी फळीवरचे घोडे मोजायचो. तांबड्या घोड्यांच्या दोन ओळी, त्याखाली हरणांची एक. गेरू बाबांनी नदीच्या दरडीतून आणलेला, काजळी आपल्याच भट्टीची, रेघा रानकोंबड्याच्या पिसानं ओढलेल्या. आपल्या गावात हे काम पुरुषांचंच. बाबा, बाबांचे बाबा, सगळे हिवाळाभर फळ्या रंगवायचे आणि घसरगाडीवर लादून पिनेगाच्या जत्रेला न्यायचे. ते मी पाहिलं नाही. तूच सांगायचीस.

आणि दुसऱ्या ओळीत, सगळ्या तांबड्यांत, तो एकच काळा. आपला वोरोन्को.

त्याची गोष्ट मी तुला शंभरदा सांगायला लावली असेल. सामूहिक शेती झाली तेव्हा वोरोन्कोला गावाच्या तबेल्यात नेलं. बाबा रोज खिशात पावाचा तुकडा घालून तिकडे जायचे, आणि तबेल्याचा मुकादम म्हणायचा, "अवेर्यान, घोडा आता सगळ्यांचा आहे, पाव सगळ्यांना आण." मग एक्केचाळीसच्या जूनमध्ये लढाईसाठी घोडे नेले. बाबांनी तुझ्या हुंड्याची फळी रंगवायला घेतली होती, तिच्यात त्यांनी वोरोन्कोला उभा केला. ऑगस्टमध्ये बाबांनाही लढाईवर नेलं, ते परत आले नाहीत. मी नोव्हेंबरात जन्मलो. म्हणजे घोडा गेला, बाबा गेले, आणि मी आलो. अदलाबदल फार काही फायद्याची झाली नाही, असं तू चिडलीस की म्हणायचीस. मग रडायचीस आणि मला पाव द्यायचीस.

तुला बाबा अकरा वर्षं मिळाले, ताई. मला ती फळी मिळाली होती. तीही तुझ्या नावाची.

आता लिहितोच.

सत्तावन्न सालच्या मस्लेनित्सात तू नदीपलीकडच्या गोठ्यावर कामाला होतीस. इकडे पोरी टेकाडावरून कताईच्या फळ्यांवर बसून घसरत होत्या. जी लांब जाईल तिच्या घरचा जवस उंच वाढणार. तू कधी घसरली नाहीस, बाबांची फळी झिजेल म्हणून. मला वाटलं, आपल्या घराच्या नावानं कुणीतरी घसरायला हवं. घरी गेलो, खिळ्यावरनं फळी काढली. पोरी हसल्या, "अगं बाई, प्रोशा सासरी निघाला वाटतं!" मी बसलो आणि सुटलो. सगळ्यांच्या पुढे गेलो, ताई. नदीच्या पार मध्यावर गेलो. तिथे पाण्यासाठी बर्फात फोडलेल्या भोकाच्या काठाला आपटलो आणि फळी मधून उभी फुटली. बुंध्याचे तीन तुकडे.

तुकडे कोटाखाली लपवून मी मिखेय आजोबांकडे गेलो. गावात रंगवणारे तेवढेच उरले होते. त्यांनी तुकडे टेबलावर जुळवले, बराच वेळ दाढी ओढली, मग म्हणाले, "बापाचं मोडलंस?"

"हो."

"मग बापासारखं कर. मी करणार नाही. मी केलं तर ते मिखेयचं होईल, आणि तुझी बहीण आंधळी नाही."

त्यांनी बुंध्यासकट कोरलेली कोरी फळी दिली, पिसं दिली. गोठ्यावर वासरांचा मोसम होता, मेपर्यंत तू येणार नव्हतीस. मी चाळीस घोडे जुन्या दारावर काढले, पुसले, परत काढले. आजोबा मागे उभे राहून टोमणे मारायचे. "हा घोडा आहे की मुकादम? पोट आवर त्याचं!" आणि एकदा म्हणाले, "पाय ओढताना श्वास सोडू नकोस, घोडा लंगडतो." शेवटी फळीवर उतरवलं. जुनी दिसावी म्हणून धूर कोंडलेल्या न्हाणीघरात तीन आठवडे टांगली, चहाचं पाणी चोळलं, तुझ्या बसण्याची जागा वाळूनं घासली. मग खिळ्याला लावली.

तू आलीस. फळी काढून खिडकीशी नेलीस. काळ्या घोड्यावरून बोट फिरवलंस, एकदा इकडून, एकदा तिकडून. तू म्हणालीस, "रस्सा गार होतोय, बस."

मला वाटलं, सुटलो. पण सुटलो कुठला! रोज संध्याकाळी तू माझ्या खोटेपणावर बसून सूत काढायचीस आणि शेजारणींना सांगायचीस, बघा माझ्या बाबांचा हात. सतराव्या वर्षी मी घर सोडलं तेव्हा तू मला उंडगा म्हणालीस. पगारासाठी जातो म्हणालो. पगारासाठी नव्हतं. तेव्हापासून पाच गावं बदलली, प्रत्येक गावी वाटतं, अजून थोडं लांब जावं.

पण या दहा दिवसांत एक गोष्ट आठवली. बाबांच्या रेघा डावीकडे जाड सुरू होऊन उजवीकडे केसासारख्या संपायच्या. माझ्या उलट्या जातात. मी डावरा. लहानपणापासून तू माझ्या डाव्या हाताला फडकं बांधायचीस, जेवताना, लिहिताना. त्या मे महिन्यापासून तू ते एकदाही बांधलं नाहीस. सैतानाचा हात म्हणाली नाहीस. का, ताई?

आठवतंय का ते फडकं? हे पत्र मी त्याच हातानं लिहितोय.

तू तेव्हाच ओळखलं असशील, तर नऊ वर्षं काय मनात धरून सूत काढलंस ते मला माहीत नाही. ओळखलं नसशील, तर आज मी तुझ्याकडून बाबा दुसऱ्यांदा नेतोय. दोन्हींपैकी काहीही असो, माझ्या घोड्यांखाली बाबांच्या नावाची पाटी लागू देऊ नकोस.

सोबत मोज्यात गुंडाळून एक लाकूड पाठवतो आहे. बाकी तुकडे मी भट्टीत घातले, पण हा घातला नाही. तळहाताएवढा आहे, त्यावर वोरोन्को आहे. नऊ वर्षं माझ्या उशाखाली होता. बाबांचं माझ्याकडे एवढंच. सावेली विचारतो, "कुठली देवाची तसबीर पाठवतोस?" मी म्हणालो, "घोड्याची." दोनदा गुंडाळला, दोनदा सोडला. आता गाठ मारली आहे, ती दातांशिवाय सुटायची नाही.

म्युझियमच्या माणसांना तो दे. तुकडा आहे म्हणून नाक मुरडतील, तर म्हणावं, घरातल्या माणसाचंही एवढंच उरलं. नाव त्याखाली लिहू देत. माझी फळी कुणाला देऊ नकोस. तिच्यावर सूत काढायचं तर काढ, नको असेल तर भट्टीत घाल.

आज क्षमेचा रविवार. गावात आत्ता सगळे एकमेकांच्या दारी जाऊन वाकत असतील. मीही वाकतो आहे, चार हजार किलोमीटरांवरून. मला क्षमा कर, ताई. यावर "देव करील" म्हणायची रीत आहे, मला माहीत आहे. पण या खेपेला देवावर ढकलू नकोस. तुझं तू लिही. मी दुसऱ्या गावाला जाणार नाही, उत्तर येईपर्यंत याच बराकीत आहे.

तुझा डावरा भाऊ प्रोशा,
प्रोखोर अवेर्यानचा