चाळीस पावलांची दोरी

कारागांडा, १० जानेवारी १९७४

ति. आके व आई यांस,
सलाम वि. वि.

मी खुशाल आहे. हे पत्र मुद्दाम बसच्या ड्रायव्हरपाशी देते आहे. आमच्या हवामान कार्यालयाचा अंदाज असा, की चार-पाच दिवसांत मोठं हिमवादळ तुमच्या माळावर येईल, पारा उणे चाळीसला टेकेल. आके, तुम्ही हसणार हे ठाऊक आहे, तरी दारापासून मेंढवाड्यापर्यंत दोरी बांधा. वादळात ती धरल्याशिवाय पाऊल टाकू नका. बोटं बधिर झाली तर बर्फ चोळायचा नाही, कोमट पाण्यात धरायची. आणि व्होडकाने ऊब येते हा भ्रम सोडा. आईने हे पत्र भिंतीवर लावावं.

तुमची काळजीखोर लेक,
कुल्याश

कोक्तास, १३ जानेवारी

चि. कुल्याश हिस,
आकेचे पोटभर आशीर्वाद.

तुमच्या कार्यालयाने उन्हाळ्यात ऊन सांगितलं आणि माझं सगळं गवत भिजलं, ते मी विसरलेलो नाही. तरी लेकीचा शब्द म्हणून दोरी बांधली. चाळीस पावलं भरली. मेंढ्यासुद्धा हसत होत्या.

काल माझा जुना दोस्त सापर आला, पंधरा वर्षांनी! त्याच्या घोड्यासाठी हाताशी काही नव्हतं, म्हणून तुझीच दोरी सोडली. पाहुण्याचा घोडा मोकळा ठेवला असता, तर माझ्या बापाने थडग्यातून उठून माझा कान पिळला असता. तुझी आई कुरकुरली. आता सापर निघाला आहे, पत्र त्याच्याच हाती देतो. दोरी बांधीन सवडीने. आभाळ कसं लख्ख आहे!

लोभ करतेसच, धाक जरा कमी कर.
तुझा आके

कारागांडा, १९ जानेवारी

ति. आके,
सलाम.

तुमचं पत्र आज मिळालं, वादळ उलटून गेल्यावर. तारा तुटल्यात, रस्ता बंद आहे. दोरी सोडलीत ते वाक्य मी दहादा वाचलं. नकाशावर ते वादळ मीच निळ्या पेन्सिलीने काढलं होतं, बरोबर आपल्या घरावर. आमचा अंदाज चुकलेला असू दे, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय. कोणाच्याही हाती दोन ओळी पाठवा. रागावणार नाही.

कुल्याश

कोक्तास, २६ जानेवारी

चि. कुल्याश,
आईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं आहे म्हणून घाबरू नकोस. तुझ्या आकेंच्या हातांना पट्ट्या आहेत. ते सांगताहेत, मी लिहिते आहे.

अंदाज चुकला नाही. पंधराला दुपारी मेंढवाड्याचं दार आपटायला लागलं, तसे हे निघाले. दोरी खुंटीवरच होती. चाळीस पावलं तर आहेत, म्हणाले. दाराबाहेर पडले आणि दिसेनासे झाले. मी उंबऱ्यात उभी राहून तासभर तांब्याची परात बडवली. मी थांबले असते तर घर कुठे आहे ते यांना कळणार कसं? शेवटी रांगत आले. बर्फ चोळ म्हणून ओरडले, बाटली मागितली. मी भिंतीवरच्या तुझ्या पत्राकडे बोट दाखवलं आणि हात कोमट पाण्यात बुडवले. रस्ता उघडल्यावर डॉक्टर येऊन गेले. उजवी करंगळी गेली, बाकी नऊ बोटं शाबूत.

करंगळीचं तसंही काही काम नव्हतं, असं लिही म्हणतात. परातीचा आवाज मध्येच हरवायचा, तेव्हा ते रडले. हे लिहू नको म्हणतात, म्हणून लिहिते.

पाहुण्यांच्या घोड्यांसाठी मी वेगळी दोरी वळायला घेतली आहे. दारावरची पुन्हा बांधली, गाठ मीच मारली. काल ऊन लख्ख होतं, वारा नावालाही नव्हता. हे मेंढ्यांकडे निघाले. मी खिडकीतून बघते तर काय, दोरी काखेत धरून एकेक पाऊल टाकत होते.

लोभ ठेव, आणि धाक मुळीच कमी करू नकोस.
तुझी आई