पायाचं बटण नको

इंदापूर,
रविवार, ६ नोव्हेंबर १९९४

प्रिय घोष,
सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बारामतीला आलो नाही म्हणून रुसलास ना? रूस बापडा. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा माणूस इतका रुसका असेल असं गिऱ्हाइकांना वाटत नसेल, पण मी तुला लहानपणापासून ओळखते. तहसीलमध्ये मतदारयाद्यांचं काम निघालंय, त्यामुळे हे घरी फक्त जेवायला येतात. माझी शाळा सुरू झाली आहे. बाकी सगळं ठीक.

आता तुझ्या कामाचं सांगते. तुझ्या भाच्याला एक लहानसं यंत्र हवंय. त्याच्याकडे ते हात-पाय वळणारे प्लॅस्टिकचे सैनिक आहेत ना, तळहाताएवढे, त्यातले निम्मे तूच आणलेस. सुगत आता त्यांच्या हातातल्या बंदुका कापून काढतो. मग मुठी कोरून त्यांची ओंजळ करतो, अंगावर मेणाचं धोतर चढवतो आणि रंग देतो. त्याला चवदार तळ्याचा देखावा करायचा आहे. पाण्यात उतरलेली माणसं, काठावर उभी असलेली, एक म्हातारी पोराचा हात धरून निघालेली. मी विचारलं, बाबासाहेब कुठायत? तर म्हणाला, "बंदूकवाल्यातनं बाबासाहेब न्हाय करनार. ते पुढं गेल्यात, ही मागची मान्सं हायत." बाराव्या वर्षी ही अक्कल. तुझ्यावर गेलेला नाही, एवढं नक्की.

सध्या तो दाढीच्या पात्यानं कापतो आणि काडीला पॉलिश पेपर गुंडाळून घासतो. पातं निसटतं. परवा अंगठा कापला. दाताचे डॉक्टर कवळी घासायला फिरतं यंत्र वापरतात, तसलं काही स्वस्तात मिळेल का बघ. हातात अगदी हलकं हवं. वेग कमी-जास्त करता यायला हवा, कारण जोरात फिरलं तर प्लॅस्टिक वितळून पात्यालाच चिकटेल, असं सुगतच म्हणतो. बंदुकीसारखा घोडा दाबून धरावा लागेल असलं नको. आणि पायाचं बटण तर मुळीच नको. टेबलाखाली आमच्याकडे जागा नाही.

त्याच्या पायाचं विचारलंयस. शाळेच्या पायऱ्यांवरून पडला तेव्हापासून अजून पुरता बरा नाही. होईल सावकाश. तू लगेच यायची घाई करू नकोस, मीच कळवीन.

अप्पांना सांगवीला निरोप दे की औषध वेळेवर घ्या.

तुझी,
करुणाअक्का


इंदापूर,
रविवार, ४ डिसेंबर १९९४

प्रिय घोष,
सप्रेम जय भीम.

तुझं लांबलचक पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा यंत्रांसाठी, आणि दुसऱ्यांदा त्यातल्या शेवटच्या दोन ओळींसाठी. आधी यंत्रांचं लिहिते, कारण ते सोपं आहे.

टेपरेकॉर्डरच्या मोटारीला चिमटा बसवून तू जे करून देणार म्हणतोस, ते हलकं आहे हे खरं. पण जरा दाबलं की थांबतं, हे तूच लिहिलंयस. बंदुकीची नळी दाबल्याशिवाय तुटायची नाही. दाताच्या डॉक्टरांचं जुनं यंत्र आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, ते विसर. राहिली सोनाराची मोटार. ती वर खिळ्याला टांगायची, तिच्यातून लवचीक दांडा खाली येतो, आणि हातात फक्त पेनाएवढी मूठ धरायची. हे मला पसंत आहे. भार सगळा खिळ्यावर राहील. तुझ्या ओळखीचा सोनार जुनी मोटार देतोय तर घेऊन टाक.

पण तिला पायाचं बटण आहे, आणि त्यावर तू लिहितोस: "पायाचंच बरं असतं अक्का, हात मोकळे राहतात. पोराला आठवड्यात सवय होईल. उगाच हट्ट करू नकोस."

इथं मी पत्र बाजूला ठेवलं आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली.

सवय होणार नाही, घोष. सुगतचे पाय गेले. तो पायऱ्यांवरून पडला हे खरं, पण पडल्यामुळे पाय गेले नाहीत, पाय जात होते म्हणून पडला. गेल्या उन्हाळ्यापासून तो उभा राहत नाही. हे त्याला कडेवर उचलून मोरीत नेतात. बोटं अजून चांगली चालतात, पण खांद्यातून हात उचलला जात नाही, म्हणून कोपरं टेबलावर टेकवून काम करतो. म्हणून हलकं यंत्र हवं. टेबलाखाली जागा खूप आहे.

आम्ही त्याला पुण्याला दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, माहेरी कुणाला असं झालं होतं का? मी झटकन म्हणाले, नाही, एका भावाला पोलिओ होता, तो गेला. ते म्हणाले, कसा आजारी पडला ते सांगा. मी आपल्या भूषणचं सांगायला लागले. आधी पळताना मागं पडायचा. पिंढऱ्या भरलेल्या, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. मग खाली बसला की मांडीवर हात टेकत टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठायचा. मग उठेना. मग श्वास पुरेना. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, हा पोलिओ नव्हता. हा आजार आईच्या रक्तातून मुलाकडे येतो. मुलींना स्वतःला काही होत नाही, पण त्या तो पुढं नेऊ शकतात."

तुला आठवतं का, सुगत पाच वर्षांचा असताना आई इथं राहायला आली होती? तो अंगणात मांडीवर हात टेकून उठला, आणि आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मला म्हणाली, "ह्यो असाच उठतो व्हय गं?" मी व्हय म्हणाले. तिनं सूप उचलून पुन्हा पाखडायला घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सांगवीला निघून गेली. मला वाटलं, माझ्या हातचं जेवण आवडलं नसेल. आईला सगळं कळलं होतं रे. ती ते पोटात ठेवून गेली.

पोलिओ हा शब्द अप्पांचा. भूषण आजारी पडला तेव्हा तू लहान होतास. छप्पन साली अप्पांनी घरातले देव टोपलीत घालून नीरेत सोडले. भूषण त्यानंतरचा. त्याचे पाय गेले तेव्हा गावानं लगेच बोट दाखवलं, देव टाकले त्याची फळं. चावडीपुढं लोकांनी अप्पांना अडवून सांगितलं, अजून वेळ गेली नाही, पोराला देवीच्या पायावर घाला. अप्पा म्हणाले, "पोलिओ हाय त्यो. सरकारी डाक्टरनं सांगितलंय. तुमच्या देवीचा काय बी संबंध न्हाय." कुठल्याही डॉक्टरनं तसं सांगितलं नव्हतं. त्या लोकांपुढं अप्पा ताठ उभे राहिले याचा मला आजही अभिमान वाटतो. त्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते. पण लोक आपापल्या घरी गेले, आणि तो शब्द आमच्या घरात राहिला. अप्पांनाही तो खरा वाटायला लागला. कुणी चौकशी केली नाही, कुणी मोठ्या दवाखान्यात विचारलं नाही. रक्तात आहे म्हटलं की लोक म्हणणार शाप आहे, म्हणून आमच्या घरात रक्ताचं नावच निघालं नाही.

आणि मीही तेच केलं. सुगत पायऱ्यांवरून पडला, असं सगळ्यांना सांगत बसले.

आता तुझ्या पत्राच्या त्या दोन ओळी. "दिशाला दिवस गेलेत. तिसरा लागला की सगळ्यांना सांगायचं ठरलंय, तुला आधी कळवतोय." किती आनंदानं लिहिलं असशील! मी वाचलं आणि पुण्याच्या डॉक्टरांचे कागद काढून बसले. आपली दिशा, शेंडेफळ आपलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला शेवटी विचारलं होतं, तुम्हाला बहीण आहे का? ते म्हणाले, तिला दिवस राहायच्या आधी सांगा, आणि राहिले असतील तर लवकरात लवकर सांगा. तपासण्या असतात, काहींसाठी मुंबईला जावं लागतं. मी हो हो म्हणाले आणि वर्षभर गप्प राहिले. तू तिच्या गावात आहेस, रोज भेटतोस. तूच तिला सांग, घोष. पत्रातून सांगायची ही गोष्ट नाही, आणि माझी जीभ उचलत नाही.

मोटारीला पायाच्या बटणाऐवजी पंख्याचा जुना रेग्युलेटर लावता येईल का? तुझ्या दुकानात पडलेले असतात. टेबलावर कोपराशी ठेवला की त्याला बोटानं फिरवता येईल.

तुझी,
अक्का


इंदापूर,
सोमवार, २ जानेवारी १९९५

प्रिय दिशा,
सप्रेम जय भीम.

तुला दिवस गेलेत हे मला घोषनं कळवलं. उलट्या होत असतील. मला सुगतच्या वेळी भाताचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही.

हे पत्र तू एकटी असताना वाच. मी हे घोषनं तुला तोंडी सांगावं म्हणून त्याच्या गळ्यात टाकलं होतं. तो स्वतः मोटार घेऊन इथं आला, खिळा ठोकला, रेग्युलेटर बसवला, सुगतशी थट्टा केली, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडला. परत गेला तो थेट सांगवीला अप्पांकडे. अप्पा म्हणाले, "पोरीला आत्ता काय बी सांगू नगा. पोटुशी हाय ती. लोकं पुन्ना त्येच म्हनतील, देव सोडलं म्हनून." घोष त्यांच्यापुढं विरघळला. मला लिहितो, बाळंतपण होऊ दे, मग बघू. मला त्याचा फार राग आला आहे. अप्पांचा येत नाही, त्यांची फक्त कीव येते. पण तुझं बाळंतपण होईपर्यंत मी गप्प बसणार नाही.

आपल्या भूषणला पोलिओ नव्हता, दिशा. त्याला जे झालं तेच सुगतला झालं आहे. स्नायू हळूहळू जातात. त्यावर औषध नाही. हे आईकडून मुलाला येतं. आपल्या आईच्या रक्तात ते होतं, माझ्यात आहे. तुझ्यात असेलच असं नाही. असेल किंवा नसेल, दोन्ही सारखंच शक्य आहे असं डॉक्टर म्हणाले. तुझं रक्त तपासलं तर अंदाज येतो. तुझ्यात निघालं तरी पोटात मुलगी असेल तर ती आजारी पडत नाही. मुलगा असेल तर निम्म्या वेळा तो ठणठणीत असतो. पण हे सगळं आताच विचारायला हवं. पुढं विचारून उपयोग होत नाही.

पुण्याच्या डॉक्टरांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तुझ्या यजमानांना सांग, दोघं मिळून जा. काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. मी काही सांगणार नाही. सुगत नसता तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलेलं नाही. आणि त्याला कडेवरून मोरीत नेताना पाहिलं की, दुसऱ्या कुठल्या आईवर हे येऊ नये, असंही रोज वाटतं. दोन्ही खरं आहे. यातलं एक निवडून तुला द्यायला मला जमत नाही.

सुगतचं काम थांबलेलं नाही. मोटार छान चालते, हळू फिरते, प्लॅस्टिक वितळत नाही. पण आठ दिवसांपूर्वी त्याची कोपरं टेबलावरून सारखी घसरायला लागली. मी उशा लावून पाहिल्या. यंत्राची मूठ टेबलावर ठेवून तो म्हणाला, "आई, तू धर. मी सांगतो." आता मूठ माझ्या हातात असते. तो म्हणतो, जरा खाली, बास, आता अंगठा सोडव. मी चुकले की चिडतो. काल माझ्या हातून एका माणसाचं बोट उडालं तर दिवसभर बोलला नाही. त्याला सगळं माहीत आहे, दिशा. एकदा त्यानं मला विचारलं, "भूषणमामा माझ्यावानीच हुता ना?" मी व्हय म्हणाले. घरात एवढंच एक माणूस आहे ज्याच्याशी मी खोटं बोलले नाही.

तू माझ्यावर रागाव. आधी का नाही सांगितलंस म्हणून वाटेल ते बोल. गुरुवारी शाळेतून निघून मी संध्याकाळच्या एसटीनं बारामतीला येते, तेव्हा समोर बसवून बोल. दार लावून घेतलंस तरी मी बाहेर बसून राहीन. पण मी यायच्या आधी पुण्याला जायचा दिवस ठरवून ठेव.

तुझी अक्का,
भूषणची बहीण, सुगतची आई