अर्ध्या आवाजातली नम्रता

रविवार, २ जून
चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश नम्रतेवर. रोजच्या जगण्यात नम्र कसं राहावं. ज्यांना गरज होती, ते नेमके जांभया देत होते. मला तशी गरज नाही, तरी आजपासून सुरू.

ठराव. घरी वाद घालायचा नाही. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला अक्कल शिकवायची नाही. क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, अर्ध्या आवाजात गायचं. बावीस वर्षं बाकीचे माझ्या आवाजाखाली दबून गेलेत. देवाने त्यांनाही गळा दिलाय, थोडा का होईना.

मंगळवार, ४ जून, दुकान बंद करून
एक गिऱ्हाईक आलं. म्हणे नव्या चष्म्यातून जमीन वर आल्यासारखी दिसते. अतिशय नम्रपणे सांगितलं, नंबर बरोबर आहे, सवय होईल. बिचारा चाचपडत पायऱ्या उतरला. मग कार्ड पाहिलं. डाव्या-उजव्या काचांची अदलाबदल झालीय. फोन करून माफी मागणार. उद्या.

शुक्रवार, ७ जून
क्वायरचा सराव. अर्धा आवाज लावला. ऑर्गनबाई (वाजवतात त्याच, गाणं बसवतातही त्याच) म्हणाल्या, आज छान झालं. कारण सांगितलं नाही. सांगितलं तर नम्रता कसली? फक्त निघताना विचारलं, आज काही वेगळं वाटलं का. म्हणाल्या, हो, खिडक्या उघड्या होत्या.

रविवार, ९ जून
पाव आवाज. घरी येताना बायकोला विचारलं, क्वायरमध्ये आज काही कमी जाणवलं का. तिने नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, शर्ट नवा आहे का. शर्ट नऊ वर्षांचा आहे. वाद घातला नाही. संध्याकाळपर्यंत बोललोच नाही.

शुक्रवार, १४ जून
आता नुसते ओठ. महिनाअखेरीस चर्चचा वर्धापनदिन आहे. त्यात एकट्याने गायचं कडवं गेली अकरा वर्षं माझंच. बेत असा होता: बाई विचारतील, नको म्हणायचं. पुन्हा विचारतील, पुन्हा नको. तिसऱ्यांदा देवाची इच्छा म्हणून स्वीकारायचं.

बाई आल्या. मी म्हटलं, यंदा दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्या म्हणाल्या, बरं.

बरं! आणि दिलं कुणाला, तर दंतवैद्याला. क्वायरमध्ये येऊन सहा महिने झालेत त्याला. कानामागून आला आणि तिखट झाला.

शनिवार, १५ जून
जेवलो. दुकान उघडलं. दुकान बंद केलं. जेवलो. काही वाटत नाही. ही बहुधा नम्रतेची पुढची पायरी. त्या गिऱ्हाइकाला करायचा फोन राहिलाच.

बुधवार, १९ जून
पाळकसाहेबांना गाठलं. विचारलं, नम्रतेत माणूस फार पुढे गेला, तर थोडं मागे आलेलं चालतं का. ते किल्ल्या शोधत होते. म्हणाले, प्रार्थना करा. किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या. निदर्शनास आणून दिलं. नम्रपणे.

शुक्रवार, २८ जून
देवाची देणगी दडवून ठेवणं हाही गर्वच. हे आज सकाळी दाढी करताना सुचलं. म्हणून सरावाला पूर्ण आवाज लावला.

पहिल्याच ओळीला ऑर्गन थांबला. बाई म्हणाल्या, मागून कुणाचा तरी सूर जातोय, महिनाभर किती छान चाललं होतं. सगळे पंख्याकडे बघायला लागले. दंतवैद्य तेवढा माझ्याकडे बघून हसला, तेही प्रेमाने. ते जास्त लागलं.

नंतर बाईंनी बाजूला घेतलं. हळूच म्हणाल्या, भाऊ, या महिन्यात गायलात ना, तसंच गात चला. या महिन्यात मी गायलोच नव्हतो. त्यांना ते ठाऊक होतं.

घरी बायकोला विचारलं, मी बेसूर गातो का. ती ताट पुसत होती. तेच ताट बराच वेळ पुसत राहिली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

रविवार, ३० जून
वर्धापनदिन. दंतवैद्य चांगला गायला. लिहून टाकलं, संपलं.

मी मागच्या रांगेत ओठ हलवत उभा होतो. दुसऱ्या कडव्यानंतर तेही थांबवलं. कुणाला काही फरक पडला नाही. मलाही नाही. हातात गीतांचं पुस्तक धरून नुसता उभा.

समोरच्या बाकांवरून एका बाईचा आवाज येत होता. नितळ, प्रत्येक सूर जागच्या जागी. इतकी वर्षं हा आवाज कुठे होता? कोण म्हणून मान उंचावून बघितलं. तिसऱ्या बाकावर, पुस्तकात न बघता, बायको गात होती. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली.

घरी येताना दोनदा तोंडाशी आलं. सांगितलं नाही. उगाच तिला गर्व व्हायचा.