नमाजात थापटणारा हात

अब्बा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याशी वेगळं बोलावं असं कधी वाटलं नाही, कारण जे बोलायचं ते मी माइकवरून बोलत आले आणि तुम्ही कुठेतरी ऐकत असाल असं धरून चालले. आज लिहायला बसले आहे, कारण नमाज पढताना माझा डावा हात माझं ऐकत नाही. बैठकीत दोन्ही हात मांड्यांवर असतात ना, तेव्हा तो उठतो, बाजूच्या फरशीवर दोनदा हलकेच थापटतो आणि परत मांडीवर येऊन बसतो. तिथे काही नसतं. मी जानमाज, नमाजाची चटई, बदलून पाहिली, खोली बदलून पाहिली. हात तिथेच जातो.

मला नमाज तुम्ही शिकवलीत. जळगावातलं आपलं गादीचं दुकान, दुपारी पिंजणयंत्र बंद झाल्यावर कानात उरणारी ती घूं, तुमच्या दाढीत अडकलेला कापूस. मागच्या खोलीत तुम्ही जानमाज अंथरता आणि मला म्हणता, "हात बेंबीखाली बांध. कोपरं वर! जमिनीला टेकवायची नाहीत. उजवं पाऊल उभं, बोटं किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला." मी सहा वर्षांची. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकवून, कोपरं पंखांसारखी उचलून धरताना दंड थरथरतात आणि तुम्ही मागून म्हणता, "शाबास." मग तुम्ही पुढे उभे राहता, मी मागे. पण अगदी मागे नाही. तुम्ही मला हाताने डावीकडे सरकवता आणि तुमच्या पाठीमागची जागा मोकळी ठेवता. "इथे का नाही उभं राहायचं?" मी एकदा विचारलं. "राहू दे ना ती जागा," तुम्ही म्हणालात. नमाज संपवणारा सलाम फेरून झाला की तुम्ही उठण्याआधी मान वळवून त्या मोकळ्या जागेकडे बघायचात, कोणाचं संपलंय का हे बघावं तसं. लहान होते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता ती मान आठवली की अंगावर काटा येतो.

अकराव्या वर्षी तुम्ही मला धुळ्याला खालाकडे, अम्मीच्या बहिणीकडे, ईदला पाठवलंत. बायकांची नमाज आतल्या खोलीत. मी कोपरं उचलून सजद्यात गेले आणि नमाज संपल्यावर खालाची सासू तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बाई, हे मौलाना कोठून आले आपल्यात?" सगळ्या हसल्या. खालाने मला बाजूला घेऊन गुडघ्यांवर बसवलं, माझी कोपरं धरून खाली दाबली. "बाई सजद्यात गोळा होते. पोट मांड्यांना, कोपरं जमिनीला. बसताना दोन्ही पाय उजवीकडे काढ, डाव्या कुल्ल्यावर बस. हात छातीवर. तुझ्या अब्बाला एवढंही कळत नाही?" तिचे हात ओले होते, थंड होते. मी ते झिडकारले.

परत आल्यावर मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही लांब सुईने गादीला टाके घालत होतात. सुई थांबली. आपली गावाकडची बोली तुम्ही शरमेच्या वेळीच बोलायचात. "पोरी, तुन्ही माय मन्हा मांगे उभी ऱ्हाये. मी तिले नमाज पढतांना कधी देखंच नै." पुरुष पुढे, बाई मागे. एरवी पाच वेळा तुम्ही मशिदीत आणि ती घरात. तीन वर्षांचा संसार, मग आठ महिन्यांची मी आणि तिला घेऊन गेलेला ताप. तिची नमाज तुम्ही फक्त ऐकली होती, कपड्यांची सळसळ, कपाळ टेकल्याचा आवाज. ती कशी वाकायची, कशी बसायची हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं, आणि दुसऱ्या कुठल्या बाईला विचारायची तुम्हाला लाज वाटली. म्हणून तुम्हाला येत होती ती नमाज तुम्ही मला दिलीत.

आणि मी त्याचं काय केलं? भाषण केलं. अल्लाहसमोर बाईने अंग चोरायचं आणि पुरुषाने अंग फैलावायचं, हा फरक कोणी घातला, असं मी गावोगाव विचारलं. दोन्ही बाजूंची पुस्तकं मी वाचली आहेत. फरक मानणारे आलिम, म्हणजे धर्मपंडित, आहेत, न मानणारेही आहेत, आणि मी आजही न मानणाऱ्यांसोबत आहे. पण पुस्तकांनी टाळ्या मिळत नाहीत, म्हणून मी तुम्हाला उभं केलं. "माझ्या बापाने गादीच्या दुकानात ठरवलं की मुलगी मुलासारखीच सजदा करेल!" सभा उसळायची. धुळ्याच्या सभेला तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होतात. परतताना एस.टी.त पारोळा आलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "भाषण भारी व्हतं. पन तो बाप कोन व्हता?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. त्याच वर्षी तुम्ही गेलात आणि तो बाप मी तसाच वापरत राहिले.

दोन महिन्यांपूर्वी खालाला भेटायला गेले. ती आता खुर्चीवर बसून नमाज पढते. असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजाची वेळ होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी तिच्या पुढे जानमाज अंथरली, हात बांधले. सलाम फेरला आणि मागे खाला रडत होती. आवाज नाही, नुसतं पाणी.

"माझे हात तर झिडकारले होतेस. मग हे तुला कोणी शिकवलं?"

"काय?"

"गोळा झालीस तू, अगदी तुझ्या मायसारखी. पाय काढून बसलीस. कोपरं टेकवलीस."

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय उजवीकडे होते. अब्बा, मी शपथेवर सांगते, मला ते कळलं नव्हतं. पन्नास वर्षं उचललेली कोपरं कधी खाली आली, कोणी आणली, मला माहीत नाही.

"आणि डाव्या हाताने फरशी थापटलीस," खाला म्हणाली. "तू बाजूला निजलेली असायचीस. जरा किरकिरलीस की तुझी माय बैठकीतच तुला थापटायची. दोनदा. मी म्हणायची, बाई, अशाने नमाज तुटते. ती म्हणायची, पोर तुटण्यापेक्षा बरं."

मी आठ महिन्यांची होते. काय पाहिलं असेल मी? तुम्ही जे तीन वर्षांत पाहिलं नाहीत ते माझ्या हाडांत कुठून आलं? मी भुताखेतांविरुद्ध बोलत आलेली बाई आहे. जे घडतंय त्याला शरीराची स्मृती म्हणायची माझी तयारीही आहे. पण तेव्हापासून रोज नमाजात माझ्या पाठीमागे कापड सळसळतं. नमाजात मागे वळता येत नाही. सलामालाही मान खांद्यापर्यंतच जाते. तिथवर मला काही दिसलेलं नाही.

परवा चाळीसगावला सभा होती. मी फरक नसण्यावर बोलले, तुमची गोष्टही सांगितली, जशी नेहमी सांगते तशी. टाळ्या पडल्या. मग कॉलेजातली एक मुलगी उठली. उद्धट नव्हती, खरंच शिकायचं होतं तिला. "मॅडम, घरी मला सगळे रागावतात. तुम्ही कशी पढता ते एकदा इथे करून दाखवा ना. मी तशीच पढेन." बायकांनी पुढची सतरंजी मोकळी केली. सगळं सभागृह माझ्या कोपरांकडे बघत होतं.

मी म्हणाले, "बाळ, गुडघे दुखतात गं माझे. बसता येत नाही."

ती बिचारी लगेच खुर्ची घेऊन आली.

अब्बा, माझे गुडघे अजिबात दुखत नाहीत.